शरणपूर ते रबाई: एका आवारातलं उज्जीवन रस्त्यावर कसं आलं

उज्जीवन सभेचा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवणाऱ्या प्रार्थनासभेचा, मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, की त्यानंतर शहरात काय बदलतं? नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हा प्रश्न अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि तो पुढच्या सभेवर ढकलला जातो. सभेत प्रार्थना मनापासून होते, भावाभावांत समेट होतो, एखाद्याची दारू सुटते. हे खरं आहे आणि मोलाचंही आहे. पण विश्वासातलं नवं बळ घराच्या उंबऱ्याबाहेर, कायद्यात, बाजारात, माणसाला मिळणाऱ्या वागणुकीत कधी उतरतं, हे तपासायचं असेल तर फार लांब जायला नको. महापालिकेचं राजीव गांधी भवन ज्या रस्त्यावर उभं आहे, त्या शरणपूर रोडच्या नावातच एक पूर्ण प्रकरण आहे. मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी ते इथे मांडतो आहे. नाशिकचं असूनही त्याचा निर्णायक क्षण नाशिकमध्ये नाही, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या रबाईत घडला, आणि मला वाटतं, शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जे धार्मिक जागरण झालं, त्यातून आलेल्या माणसांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात वर्षानुवर्षं लढा दिला. विल्यम विल्बरफोर्स हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. याच वर्तुळातून १७९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी उभी राहिली. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला, १८३३ मध्ये बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, आणि कंपनी सरकारच्या हद्दीत १८४३ च्या कायद्याने गुलामीला न्यायालयात मिळणारी मान्यता संपली.

कायदा झाला तरी हिंदी महासागरातला धंदा चालूच राहिला. पूर्व आफ्रिकेतून पकडलेली माणसं झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि गलबतांतून अरबस्तान, इराणी आखात इथवर नेली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबतं अडवी आणि सुटका झालेली माणसं एडन, सेशेल्स, मुंबई अशा बंदरांवर उतरवी. त्यांत मुलं पुष्कळ असत. आईबाप कुठे हे ठाऊक नाही, परत जायला गाव नाही आणि बंदरावर कुणाला आपली भाषा येत नाही, अशी ही मुलं. मुंबईत त्यांचा ताबा पोलिसांकडे असे. कुणी घरकामाला जाई, कुणी मिशनच्या शाळेत.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला १८३० च्या दशकातच सुरू झालं होतं. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकाच्या मध्यावर गावाच्या पश्चिमेला शरणपूर वसवलं. धर्मांतरामुळे घरातून आणि जातीतून बाहेर पडलेल्या माणसांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावं, हा त्यामागचा हेतू. अनाथ मुलं होती, शाळा होती, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारा कारखाना होता. मुंबईला उतरवलेल्या आफ्रिकन मुलांचा आश्रमही पुढे इथेच आला. गोदाकाठच्या या क्षेत्राच्या वेशीबाहेर याओ आणि इतर आफ्रिकन जमातींची मुलं मराठी मुलांबरोबर रंधा मारायला आणि बायबल वाचायला शिकू लागली.

आवाराच्या आत

मुलांना इथे नवी नावं मिळाली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्याबरोबर पुढे गेलेल्या मुलांची यादी पाहिली तर त्यात सायमन प्राइस आहे, रिचर्ड आयझेनबर्ग आहे. दोन्ही आडनावं मिशनऱ्यांची. मुलगा याओ, नाव बायबलमधलं, आडनाव इंग्रज किंवा जर्मन, आणि वाढला तो नाशिकला. आईने ठेवलेलं नाव किती जणांना आठवत होतं, कोण जाणे. आश्रय देणाऱ्याने नावही द्यावं, यात त्या काळात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आज ते टोचतं आणि टोचायलाच हवं.

शिक्षण मात्र कच्चं नव्हतं. एका हाताला हत्यार आणि दुसऱ्या हाताला पुस्तक अशी ही शाळा होती. इथली मुलं हिशेब ठेवत, पत्रं लिहीत, सभेत उभं राहून वाचन करत. पोटापुरता धंदा देऊन बसवून ठेवलेली ही मुलं नव्हती. पुढे जे घडलं त्याचं बीज याच शाळेत आहे, असं माझं ठाम मत आहे.

१८६५ च्या सप्टेंबरात लिव्हिंगस्टन मुंबईत होता. नाईलच्या उगमाचा शोध आणि गुलामांच्या व्यापाराचा बंदोबस्त, या दोन्ही हेतूंनी त्याला पुन्हा आफ्रिकेत जायचं होतं. तो नाशिकला आला आणि शरणपूरच्या शाळेतले नऊ जण त्याच्या काफिल्यात गेले. त्याच्या रोजनिशीत ते 'नासिक बॉइज' म्हणूनच येतात. सगळेच टिकले नाहीत. रिचर्ड वाटेत वारला, काही जण सोडून गेले, आणि लिव्हिंगस्टनने त्यांच्या आळसाबद्दल तक्रारीही लिहून ठेवल्या आहेत. दंतकथा करायच्या नादात हे लपवू नये. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत राहिला. १८७२ मध्ये पत्रकार हेन्री स्टॅन्लीने पाठवलेल्या मदतीच्या तुकडीतून शरणपूरची आणखी काही मुलं जाऊन मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार ही त्यातली.

१८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. चुमा आणि सुसी या त्याच्या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने सगळ्यांनी मिळून ठरवलं की देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर अक्षरं कोरली त्यानेच, आणि वस्तूंची यादीही त्याच्याच हातची. मग देह मीठ आणि ऊन देऊन वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि दीड-एक हजार किलोमीटरची वाट धरली. वाटेत उन्यान्येंबे इथे कॅमेरून हा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरावा, असं त्याने सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता.

एरवी ही हकीगत स्वामिनिष्ठेची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली कॅमेरूनला दिलेली 'नाही' अधिक महत्त्वाची वाटते. गुलाम म्हणून विकले गेलेले, मग आश्रित म्हणून वाढवले गेलेले हे तरुण एका गोऱ्या अधिकाऱ्याचा सल्ला ऐकून घेतात आणि स्वतःच ठरवलेलं करतात.

जागा बदलली, प्रश्नही बदलला

त्याआधीच, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरला शिकलेले तिघं आजच्या केनियातल्या मोम्बासाजवळच्या रबाई या मिशनच्या ठाण्यावर गेले होते. तिथे रेबमान हा मिशनरी अनेक वर्षं एकाकी काम करत होता आणि मंडळी नावालाच होती.

१८७३ मध्ये सर बार्टल फ्रिअर, जे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते, झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले. त्या वर्षीच्या जूनमध्ये तह झाला, समुद्रावरून गुलाम नेणं बंद झालं आणि झांझिबारचा बाजारही. आता सुटका झालेल्यांना आफ्रिकेतच वसवायला हवं होतं, आणि त्यासाठी फ्रिअर यांच्या डोळ्यांसमोर नमुना होता तो नाशिकचा. १८७४ च्या अखेरीस प्राइस मोम्बासाला गेला, समोरच्या किनाऱ्यावर जमीन घेतली आणि फ्रिअर टाउन वसवलं. भारतातून गेलेले आफ्रिकन ख्रिस्ती त्या वस्तीचा कणा बनले. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे, उपदेशक, सगळं तेच. तिथली घंटा प्रसिद्ध आहे आणि घंटेच्या स्वाहिली शब्दावरून त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम मात्र त्याबरोबरच संपला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तहाने समुद्रावरचा व्यापार थांबवला, सुलतानाच्या राज्यातली गुलामी नाही. किनाऱ्यावरच्या मळ्यांत गुलाम राबत होते, ते मालकाच्या कायदेशीर मालकीचे होते, आणि पळून आलेल्या गुलामाला ठेवून घेणं म्हणजे त्या राज्यात चोरी. मिशनला राहायची परवानगीही त्याच राज्याची. फ्रिअर टाउनमधली माणसं आरमाराने सोडवलेली, कागदोपत्री मुक्त. रबाईच्या वाटेने येऊ लागले ते मात्र पळून आलेले. स्वाहिलीत त्यांना वातोरो म्हणत.

मिशनचा अधिकृत आदेश होता की पळालेल्यांना थारा द्यायचा नाही. कारण समजण्यासारखं होतं. मालकांचा जमाव चालून आला तर शाळा, देऊळ (म्हणजे चर्च), वस्ती सगळंच जाईल. हल्ल्याच्या धमक्या येतच होत्या.

निर्णय

रबाईचा कारभार तेव्हा जोन्सकडे होता. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी त्याला आणि सेमलरला धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशपांना पुढे बुसोगात ठार मारलं गेलं आणि उरलेल्या काफिल्याला सुखरूप परत आणणारा जोन्सच. निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद' (बायबलमधला शब्द, अर्थ 'वैभव गेलं') लिहून ते रबाईत शिरले.

तोच जोन्स रबाईत पळालेल्यांना ठेवून घेत होता. त्याने फार मोठा जाहीरनामा काढला नाही. माणसं येत, झोपड्या बांधत, शेती करत, रविवारी देवळात बसत. कोण मुक्त, कोण पळालेला, याची विचारपूस फारशी होत नसे. त्याच्या जागी गोरा मिशनरी असता तर काय झालं असतं हे सांगता येणार नाही. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीवरचे वळ कसले, हे जोन्सला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो स्वतः त्याच बाजारातून सुटलेला होता.

१८८८ मध्ये प्राइस पुन्हा मोम्बासाला आला. आता तो म्हातारा झाला होता. मालकांचा असंतोष उकळत होता, नवी ब्रिटिश कंपनी किनाऱ्याचा कारभार हाती घेत होती, आणि प्राइस चौकशीला रबाईत गेला तेव्हा शेकडो पळालेले गुलाम मिशनच्या जमिनीवर राहताना आढळले. ज्याने शरणपूर उभारलं तो आणि जो शरणपूरला वाढला तो, असे दोघं समोरासमोर. एकाकडे संस्थेची जबाबदारी, दुसऱ्याकडे दारातली माणसं.

तोडगा निघाला तो ब्रिटिश कंपनीचा प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी याच्या मध्यस्थीने. मालकांना भरपाई द्यायची आणि पळालेल्यांना मुक्तीचे दाखले. १ जानेवारी १८८९ ला रबाईत समारंभ झाला आणि सुमारे १४०० माणसं मुक्त झाली. किनाऱ्यावरच्या गुलामीची कायदेशीर मान्यता जायला १९०७ उजाडलं.

या तोडग्याबद्दल माझ्या मनात आजही दोन मतं आहेत. माणसाची किंमत मालकाला मोजून देणं म्हणजे मालकी मान्य करणंच. शिवाय कंपनीला किनाऱ्यावर शांतता हवी होती ती तिच्या व्यापारासाठी आणि राज्यासाठी. पण त्या दिवशी हातात दाखला घेऊन घरी गेलेल्या बाईला हा युक्तिवाद सांगायला मी धजावणार नाही.

विश्लेषण

शरणपूरमधलं जागरण वीस वर्षं आवाराच्या आत होतं. देवळं भरत होती, मुलं शिकत होती, पण शहराच्या चालीरीतीला, जातीला, कारभाराला त्याने फारसा धक्का दिला नाही. त्याच जागरणातून वाढलेली माणसं रबाईत गेली आणि किनाऱ्यावरची मालकीची व्यवस्था हलली. शिक्षण तेच, बायबल तेच, गाणीही बरीचशी तीच. फरक होता तो अधिकाराचा. नाशिकला ही मुलं आश्रित होती. रबाईत दार उघडायचं की लावायचं हे त्यांच्या हातात आलं. ज्याला आसरा मिळाला त्याच्याच हाती आसरा देण्याचा अधिकार आला, तेव्हा उज्जीवन सार्वजनिक झालं.

आणि नेमका हाच अधिकार त्यांना पुरता देण्याची संस्थेची तयारी नव्हती. पगार, मान, कारभारातला वाटा, यावरून जोन्स आणि त्याच्या सोबत्यांचे गोऱ्या मिशनऱ्यांशी खटके उडत राहिले. ते फार इंग्रजी वळणाचे झालेत, गर्विष्ठ आहेत, असा आरोप होई. ज्यांनी त्यांना इंग्रजी वळण लावलं त्यांच्याच सहकाऱ्यांकडून.

नाशिकचं काय, हा प्रश्न उरतोच. इथे दार उघडायला वेगळी किल्ली लागली, आणि ती भाषेची होती. कवी नारायण वामन टिळक लहान वयात आई गेल्यावर कोकण सोडून नाशिकला आले, इथेच शिकले, आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, पुढच्या लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी झाली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या, सोवळंओवळं सांभाळत राहिल्या, मग हळूहळू स्वतःच्या विचाराने ते सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मंडळीला अभंग दिले. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्याआधी अहमदनगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळ्यांनी पाडली होती, टिळकांनी तिचा हमरस्ता केला. आजही आपल्या उपासनेत टाळ वाजतात ते या माणसांमुळे. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात बसावेत, अशी ती कल्पना. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार विरला. तो टिकला नाही म्हणून फसला, असं मी म्हणणार नाही. मिशनच्या भिंतीबाहेर, मिशनच्या पैशाबाहेर ख्रिस्ती माणूस उभा राहू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिलं.

लक्ष्मीबाईंचे अखेरचे दिवस नाशिकला गेले. टिळकांनी सुरू केलेलं ख्रिस्तावरचं ओवीबद्ध काव्य त्यांनी पुरं केलं, आणि त्यांच्या आठवणी मराठी वाचकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या घरातल्या म्हणून वाचल्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या वारल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने मराठी ख्रिस्ती माणसाला शेजाऱ्याच्या ओसरीवर जेवढं नेलं, तेवढं कुठल्याच ठरावाने नेलं नसेल. पुढे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाणी आणि हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ती वाट याच ओसरीवरून जाते.

अभ्यासवर्गासाठी

चर्चेत प्रथम जोन्सची बाजू घ्या, मग प्राइसची, आणि प्राइसची बाजू घेताना त्याला खलनायक करू नका. शाळेत शेकडो मुलं आहेत, जमाव येण्याची शक्यता खरी आहे, आणि आदेश स्पष्ट आहे. पळून आलेली बाई दारात आहे. तुम्ही पंचकमिटीवर आहात. काय ठरवाल, आणि ते कुणाला विचारून?

मग दुसरा प्रश्न, आपल्या मंडळीचा. आपल्या शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात ज्यांना आपण मदत करतो, त्यांच्यातलं कोण आज कमिटीवर आहे? ऊसतोडीहून परतलेल्या घरातली मुलगी, पेठ-सुरगाण्याकडून आलेला आदिवासी मुलगा, धुणीभांडी करणारी विधवा. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो, कपडे गोळा करतो, नाताळात केक पाठवतो. हिशेबाची वही त्यांच्या हातात देतो का? सभेत कुणाला बोलायला उभं करायचं हे त्यांना ठरवू देतो का? यादी करून या, नावांसकट, आणि पुढच्या बैठकीत ती पाळकांसमोर वाचू.